आजीच्या मातीची तालीम

"कबरस्तान भरलं की मग आपण काय करतो?"

प्रश्न माझा नव्हता. श्रावस्ती आणि गौरवनं मिळून तयार केला होता. शाळेच्या कॅन्टीनमध्ये मी पैज हरले आणि ठरलं असं, की घरी जेवताना, सगळे टेबलाशी असताना, अजिबात न हसता हे विचारायचं. त्यांच्या प्रश्नात "तुम्ही लोक" होतं. मी "आपण" केलं, तेवढी सूट माझी मीच घेतली. श्रावस्तीचे आईवडील नागपूरचे, म्हणून तिनं वरून अट घातली, "मराठीत विचारायचं हं. हिंदीत विचारलंस तर धरणार नाही."

मागच्या वर्षी मी असल्या पैजेच्या आसपासही फिरकले नसते. तेव्हा मी वर्गात हातसुद्धा वर करत नव्हते. पण या जानेवारीत शाळेच्या वार्षिक समारंभाचं निवेदन मी केलं, भरलेल्या मैदानासमोर, न अडखळता, आणि तेव्हापासून मला वाटायला लागलं होतं की माझ्या तोंडून निघालेल्या कुठल्याच गोष्टीनं वाईट होऊ शकत नाही. त्यामुळे मम्मीनं वरणभात वाढल्यावर मी विचारून टाकलं. माइकवर विचारावं तसं, खणखणीत.

मम्मीचा डाव पातेल्यातच थांबला. पप्पांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

आजी मात्र खूश झाली.

"विचारलं बाई कोणीतरी एकदाचं," ती म्हणाली. "अगं, घरातल्याच माणसाची कबर उघडतात. बरीच वर्षं झाली की खाली काय, माती आणि दोन-चार हाडं. ती नीट बाजूला सारायची आणि वर दुसरी पेटी. नवऱ्याच्या कबरीत बायको."

"ई, आजी."

"ई काय त्यात? जन्मभर एका खाटेवर झोपलो तेव्हा कोणी ई म्हणालं नाही." मग ती पप्पांकडे वळली. "विक्रांत, मला यांच्याच कबरीत ठेवायचं हं. चर्चमधल्या पाळकसाहेबांना आत्ताच सांगून ठेव, ऐन वेळी धावपळ नको. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, सगळे उठतील, आणि यांना चष्म्याशिवाय काही दिसत नाही. मी जवळ नको का? चष्मा पेटीत ठेवला होतास ना रे?"

"हो, आई," पप्पा म्हणाले. आणि हात धुवायला उठले. त्यांच्या ताटात भात तसाच होता. बेसिनचा नळ कितीतरी वेळ चालू होता.

मी टेबलाखाली फोन धरून श्रावस्तीला लिहिलं, "हो गया." तिनं हसणारे चेहरे पाठवले.

*

माझी आजी म्हणजे सुवार्ता दीनानाथ भिंगारदिवे. वय नव्वदीला टेकलेलं. जन्म राहुरीजवळच्या एका खेड्यातला, आयुष्य गेलं नगरला, मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून, आणि म्हातारपण नोएडाच्या एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर, कारण तिचा एकुलता एक मुलगा इथं सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध, डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. म्हणून ती कोणाशीही बोलताना मान जरा वाकडी करते, आणि नवीन माणसाला वाटतं की म्हातारी रुसलीय.

सकाळी उठली की आजी मोठ्यानं प्रार्थना करते. मनातल्या मनात केलेली प्रार्थना म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेलं पाकीट, असं तिचं मत. ती एकेकाचं नाव घेते. मम्मी पुण्याची, हिंदू, तिचं छोटं देवघर स्वयंपाकघरात आहे. आजी देवाला सांगते, "रेवती तिच्या पद्धतीनं तुलाच शोधते आहे, तिच्या पाठदुखीचं बघ." मग लिफ्टवाले भैया. मग माझं गणित, "तुला शक्य असेल तर." मग श्रावस्ती, "ती रसिकेची बुद्धाची मैत्रीण, गुणी आहे पण जेवत नाही धड." आजोबांचं नाव मात्र नसतं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "ते पोचलेत. पोचलेल्या माणसासाठी कशाला मागायचं? त्यांच्याशी नुसतं बोलायचं." आणि त्यासाठी तिला कबर लागायची. आजोबा गेले करोनाच्या दुसऱ्या लाटेत, दिल्लीत. ईस्टरच्या पहाटे आपल्या मराठी मंडळीची, म्हणजे चर्चची, उपासना त्या कबरस्तानात असते. तेव्हा आणि त्यांच्या वाढदिवसाला पप्पा तिला घेऊन जात. ती व्हीलचेअरवर बसून आजोबांना वर्षभराचं सगळं सांगे. टोमॅटोचा भावसुद्धा.

आता तालमीचं सांगते.

आपल्या मंडळीत पद्धत आहे. माती देताना, कबरीवर पहिली मूठ पडायच्या आधी, घरातलं कोणीतरी उभं राहून गेलेल्याचं आयुष्य सांगतं. आजीला काळजी होती की तिचं कोण सांगणार. "पाळकसाहेब नवे आहेत. ते म्हणतील, बाई प्रेमळ होत्या, सुगरण होत्या. मला पोळ्या कधी गोल आल्या नाहीत. आणि विक्रांत उभा राहील आणि रडेल. तू सांग. तू त्या समारंभात बोललीस ना."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ही खुर्चीत ताठ बसलेली. "हं, बोल. कागद नको. कागद बघून बोलणाऱ्याचं कोणाला खरं वाटत नाही."

मग रोजची सवयच झाली. ती सांगायची, मी दुसऱ्या दिवशी पाठ म्हणून दाखवायची, ती मान वाकडी करून चुका काढायची. तिचे वडील मिशनसाठी गावोगाव कीर्तन करायचे, हातात चिपळ्या, पाठीवर हिला बांधून, कारण हिची आई बाळंतपणात गेली होती. म्हणून ही नर्स झाली. सायकलवरून खेड्यांत जायची, नऊवारीचा काष्टा आवळून. एका मोठ्या घरी हिला मागच्या दारानं आत घेतलं, अडलेली बाई हिनं सोडवली आणि नंतर हिला करवंटीत चहा दिला.

"हे सांगू?" मी विचारलं.

"सांग. गावाचं नाव घेऊ नकोस. त्यांची नातवंडं आता बरी असतील." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि मी मेट्रनच्या मुस्काटात मारली होती, तेही सांग."

"आजी, ते मातीच्या वेळी?"

"मग कधी? नुसतं चांगलं चांगलं सांगितलंस तर लोकांना वाटेल, भलतीच कोणी मेली. कबरीपाशी खोटं बोलायचं नाही, रसिके. माझा बाप कधी बोलला नाही. सावकार मेला तेव्हासुद्धा नाही."

एक गोष्ट तिनं एकदाच सांगितली आणि माझ्याकडून एकदाच म्हणून घेतली. पप्पांच्या आधी तिला मुलगी होती, करुणा. दोन वर्षांची होऊन गेली. नगरला तिची छोटीशी कबर होती, आजी दर नाताळला तिला चुना द्यायची. पुढे तिथला रस्ता रुंद झाला आणि ती कडेची रांग रस्त्यात गेली. "मला कोणी कळवलंही नाही. मी चुन्याची बादली घेऊन गेले तर तिथं डांबर," आजी म्हणाली. "एक गेली. यांची तरी आहे."

आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य होतं, ते तिनं स्वतः घडवलं होतं. "आणि आज सुवार्ताबाई आपल्या यजमानांच्या शेजारी, त्यांच्याच मातीत विसावत आहेत." ते म्हणताना मी आवाज खाली आणायची, समारंभात शिकवला होता तसा. आजी डोळे मिटून ऐकायची. मला फार भारी वाटायचं. मला वाटायचं, मी चांगली बोलते म्हणून तिनं डोळे मिटलेत.

*

ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे गेलो. उपासना झाली, पाळकसाहेबांनी चहा-बिस्किटं वाटली, मग जो तो आपापल्या कबरींकडे पांगला. पप्पा व्हीलचेअर ढकलत होते, मी मागून झेंडू आणि मेणबत्त्या घेऊन. इतकी वर्षं मी मम्मीबरोबर फाटकाशीच थांबायची. पण त्या दिवशी आजी म्हणाली होती, "रसिका येऊ दे. तिला बोलायचंय त्याच जागेवर, तिनं जागा बघायला हवी."

वळणावर पप्पा थांबले. एकदम. व्हीलचेअर थोडी पुढे जाऊन मागे आली.

तिथं दगड होता. नवा, करडा ग्रॅनाइटचा, चकचकीत. पप्पांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तो आधी नव्हता.

"आलो का?" आजीनं विचारलं. तिनं हात पुढे केला, नेहमीसारखा माती चाचपायला, आणि हात दगडाला लागला. तिनं तो वरून खालपर्यंत फिरवला. कोरलेल्या अक्षरांवरून बोटं गेली, परत आली.

"दगड बसवलास विक्रांत? मला बोलला नाहीस." तिचा आवाज असा झाला होता, लहान मुलीसारखा. "वाच ना. काय लिहिलंयस?"

दगडावर इंग्रजीत लिहिलं होतं. ॲग्नेस तिर्की. खाली जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष, वजाबाकी केली तर तेवीस. खाली "आमची लाडकी".

पप्पांनी वाचलं. "दीनानाथ शमुवेल भिंगारदिवे. शिक्षक. प्रभूत विसावले."

"शिक्षक लिहिलंस," आजी म्हणाली. "बरं केलंस. त्यांना आवडलं असतं." आणि ती वाकून त्या दगडाशी बोलायला लागली. माझ्या गणिताचं सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं. "मीही येतेच आता," म्हणाली, "थोडी सरकून जागा ठेवा."

मी पप्पांकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. मेणबत्ती मी लावली. वारा नव्हता तरी माझ्या हातून ती तीनदा विझली.

*

पप्पांनी मला घरी आल्यावर खाली पार्किंगमध्ये, गाडीत बसून सांगितलं. एसी चालू ठेवून, काचा बंद करून. सांगताना ते समोरच्या खांबाकडे बघत होते. त्या खांबावर आमच्या फ्लॅटचा नंबर रंगवलाय.

आजोबा गेले तेव्हा पप्पांना स्वतःला ताप होता. आजी घरी ऑक्सिजनवर. मम्मी आजीपाशी, आणि मी शेजारच्यांकडे. दवाखान्यातून सांगत होते की आत्ता न्या. कबरस्तानात सांगत होते की खोदणारी माणसंच आजारी आहेत, परवा या. पप्पा रांगेत उभे होते आणि त्यांना आठवत नाही की ती कसली रांग होती. शेवटी ॲम्ब्युलन्सवाला जिथं नेईल तिथं ते गेले. तिथं गॅसची शवदाहिनी होती.

"एका पंडितजींनी गोत्र विचारलं," पप्पा म्हणाले. "मला काही सुचेना. मी म्हटलं, शिक्षक."

मला हसू आलं आणि त्याच्याच पोटात रडू आलं.

त्यांनी पप्पांना लाल फडक्यात बांधलेलं एक मडकं दिलं. बाकीचे लोक ते घेऊन यमुनेकडे, हरिद्वारकडे जात होते. आपण काय करतो ते पप्पांना माहीत नव्हतं. आपल्यात कोणी हे केलंच नव्हतं. विचारायचं कोणाला? पाळकसाहेबांना विचारलं तर आजीला कळणार. घरी आले तर आजीनं मास्क काढून एवढंच विचारलं, "माती दिलीस ना?"

"मी हो म्हटलं," पप्पा म्हणाले. "तिचा ऑक्सिजन ऐंशीच्या खाली होता, रसिका. मी हो म्हटलं."

आणि मग ती वाचली. बरी झाली आणि म्हणाली, मला कबरीवर ने. पप्पा तिला कबरस्तानात घेऊन गेले, आणि जी पहिली ताजी, बिनदगडाची माती दिसली तिच्यापाशी उभे राहिले. त्यांना वाटलं होतं, एकदाच. म्हातारं माणूस, किती वेळा येणार.

"आणि मडकं?"

पप्पांनी एसी बंद केला.

"माळ्यावर," ते म्हणाले. "नाताळच्या चांदणीच्या खोक्यात. चष्मापण तिथंच आहे."

आमच्या घरी चांदणी काढायला माळ्यावर फक्त पप्पा चढतात. मी सहावीत होते तेव्हापासून मागे लागलेय की मी चढते. दर वेळी ते म्हणायचे, पडशील. तो माळा पॅसेजमध्ये आहे, आजीच्या खोलीच्या दाराच्या बरोबर वर.

*

मे महिन्यात आजी पडली. हाड मोडलं नाही, पण मूत्रपिंडं थकलीत, डॉक्टर म्हणाले. डायलिसिस या वयात झेपणार नाही, घरी न्या, तिला आवडेल ते खाऊ घाला. आजीला काही खावंसं वाटत नव्हतं. तिला एकच हवं होतं. "एकदा यांच्याकडे ने." बाहेर पंचेचाळीस डिग्री, तिला बसवतही नव्हतं. पप्पा म्हणायचे, "बरी हो, मग नेतो." ती तोंड भिंतीकडे करून रडायची. आवाज न करता, खांदे हलायचे फक्त. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसायची आणि माझी नजर उघड्या दारातून वर जायची, माळ्याच्या त्या सरकत्या फळीकडे.

तालमी चालूच होत्या. पण शेवटच्या वाक्याच्या आधी मी काही ना काही काढायची. पाणी आणते. फोन वाजतोय. उद्या म्हणते.

परवा आजीनं सगळ्यांना बोलावलं. "पाळकसाहेब रविवारी प्रभूभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन येणार आहेत," ती म्हणाली. "मी त्यांना फोनवर सांगितलंय, कबर उघडायची परवानगी काढा. ते म्हणाले, कबरीचा नंबर द्या. विक्रांत, नंबर काढून ठेव. आणि रसिके, आज पूर्ण म्हण. हे दोघं ऐकू देत. मला बघायचंय, विक्रांत रडतो का."

मी उभी राहिले. राहुरी, चिपळ्या, सायकल, करवंटी, मेट्रन. मेट्रनला मम्मी हसली, तिला हे माहीत नव्हतं. आजोबांशी लग्न, त्यांनी मागणी घालताना पाढे म्हणून दाखवले होते ते. करुणा नाही, ते एकदाच म्हणायचं होतं. पप्पांचा जन्म. नोएडा. आणि मग मी तिथं पोचले.

"आणि आज सुवार्ताबाई..." मी म्हटलं.

एसीचा आवाज येत होता. पप्पांनी पलंगाची कड धरली होती.

"विसरलीस?" आजी म्हणाली. "इतकं सोपं आहे. आपल्या यजमानांच्या..."

"उद्या म्हणते, आजी. घसा बसलाय."

आजीनं मान वाकडी केली. डोळ्यांच्या कडेनं तिनं माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे, बराच वेळ. "बरं," म्हणाली. "उद्या."

काल सकाळी ती प्रार्थना करत होती. आवाज इतका बारीक झालाय की दाराशी उभं राहावं लागतं. मम्मीची पाठ. लिफ्टवाले भैया. श्रावस्तीचं जेवण. आणि मग म्हणाली, "माझ्या विक्रांतच्या छातीवर काहीतरी आहे. माझ्यापाशी येऊन बसतो आणि उठून जातो. मी विचारलं तर तो घाबरेल. तू ते काढ. मी असेपर्यंत काढ."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. पप्पांसारखाच.

*

शाळेला सुट्टी आहे, म्हणून काल रात्री श्रावस्तीला फोन केला. एवढ्या दिवसांत मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"यार, हमने वो सवाल नहीं पूछना था," ती म्हणाली. मग मराठीत, "तू काय करणार?"

"माहीत नाही."

"काका काय म्हणतात?"

काका, म्हणजे पप्पा, काय म्हणतात ते मला पाठ आहे. काल दुपारी आजीला झोप लागल्यावर आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो. दार लोटून घेतलं होतं. मम्मी विनाकारण कोथिंबीर निवडत होती.

"तिला शांतपणे जाऊ दे," पप्पा म्हणाले. "तुझ्या पाया पडतो, रसिका. ते एक वाक्य म्हणून टाक. दहा सेकंदांचं काम आहे."

"आणि पाळकसाहेब? रविवारी नंबर मागतील. कोणाचा देणार, ॲग्नेसचा? तिच्या घरचे येतील ना तिथं. आजीची पेटी बाजूला ठेवून तुम्ही त्यांच्याशी बोलणार?"

"पाळकसाहेबांना मी आधी जाऊन भेटतो. नवी जागा घेऊ. आईला काय कळणार आहे तेव्हा?"

मम्मीनं कोथिंबीर खाली ठेवली. तिला पहिल्यापासून माहीत होतं, एवढं मला आता कळलंय. "मी सांगू का?" ती म्हणाली. "पेटी बंद करायच्या आधी ते मडकं आपण आत ठेवू. पायाशी, शालीत गुंडाळून. कोणी बघणार नाही. त्या दोघांची माती एकच होईल. तुझं वाक्यपण खरं होईल, रसू. आईंना कशाला त्रास?"

इतकं सोपं होतं ते. मी खरंच खूप वेळ विचार केला. मला वाटलं, झालं, सुटलो. मी पप्पांकडे बघितलं तर त्यांनाही तसंच वाटत होतं, त्यांचे खांदे खाली आले होते. तरी माझ्या तोंडून निघालं, "आणि आजीला आत्ताच सांगितलं तर?"

"आणि तू सांगितलंस आणि त्यांचा श्वासच अडकला तर?" मम्मी म्हणाली. "जाळलं म्हणून? त्यांच्या मनात ते उठण्याचं आहे, कर्ण्याचं. तू बोलून मोकळी होशील. त्या ते घेऊन कुठे जातील?"

हा समारंभ नाही, हे मला समजतं. इथं आवाज खाली आणून काही होत नाही. मी सांगितल्यावर आजी माझ्याकडे पाठ करेल, पप्पांचं नाव प्रार्थनेतून काढेल, किंवा नुसती म्हणेल "यांची पण गेली," आणि करुणाच्या डांबरासारखं तेच घेऊन मरेल. हे सगळं होऊ शकतं. काल झोपताना मला हेच दिसत होतं, एकापाठोपाठ एक.

आज सकाळी आजीनं प्रार्थना केली नाही. तिचे ओठ हलत होते, नावं ऐकू येत नव्हती. मी कान जवळ नेला तर ती म्हणाली, "मला यांच्याकडे नेतेस का ग तू? तू मोठी झालीस आता."

मी दारातून वर बघितलं.

मम्मीच्या बेतात हेच राहून गेलं होतं. पेटी बंद झाल्यावर ते दोघं शेजारी असतील, पण आजीला ते कधीच कळणार नाही. ती रोज भिंतीकडे तोंड करून ज्यांच्यासाठी रडते ते तिच्या डोक्यापासून हात-दोन हात वर आहेत, चांदणीच्या खोक्यात, चष्म्यासकट. इतकी वर्षं ती कोण्या तेवीस वर्षांच्या मुलीला टोमॅटोचा भाव सांगत आलीय, आणि इथं, याच पॅसेजमधून, व्हीलचेअरवर त्यांच्या खालून रोज गेलीय. तिला त्यांच्याशी बोलायचंय. मेल्यावर नाही. आत्ता.

मी बाल्कनीतून शिडी आणली. ॲल्युमिनियमची आहे, फरशीला घासली की कर्कश वाजते. पप्पा आणि मम्मी दोघंही खोल्यांतून बाहेर आले.

"रसिका," पप्पा म्हणाले. "काय करतेस?"

मी शिडी माळ्याच्या फळीखाली लावली. दार उघडं होतं, आत आजीला ऐकू जाईल म्हणून मी हळू बोलले. निवेदनाचा आवाज आलाच नाही, माझा जुना आवाज आला, वर्गात हात वर न करणारा.

"मी ठरवलंय," मी म्हटलं. "आजी आत्ता जागी आहे. मी तिला आजोबांकडे नेणार आहे. खोकं खाली काढणार, तिच्या मांडीवर मडकं ठेवणार, चष्मा तिच्या हातात देणार आणि सगळं सांगणार. मग ती मला हाकलून देऊ दे. पप्पा, तुम्ही सांगितलंत तर जास्त बरं होईल, ती तुमचीच वाट बघतेय. मी दाराशी थांबते. पण तुम्ही नाही चढलात तर मी चढतेय."